चाचणीची पट्टी

नाट्यगृहातले सगळेच तिला मावशी म्हणत, पण खरी मावशी ती एकीचीच होती, पिसूची. पिसू सहा वर्षांची असताना आईविना तिच्या घरी आली आणि गादीवर अशा उड्या मारायला लागली की पहिल्याच आठवड्यात तिचं नाव पिसू पडलं. पुढे तीच पोर बॅले शिकली, मावशी जिथे कपडे शिवायची त्याच मंडळीत दाखल झाली आणि शिवणखोलीच्या दारातून दिवसाला वीस वेळा "मावशी" अशी हाक मारायला लागली. ऐकून ऐकून सुतार, दिवेवाला, दारावर तिकिटं फाडणारा, सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. फुकटचे भाचे मिळतील तितके थोडेच, असं मावशी म्हणे. निदान कोणी मशिनला तेल तरी घालेल. कोणी घालत नसे.

मावशीचा जीव काळजीवर पोसलेला. घराला कुलूप लावलं की ती ते तीनदा ओढून बघे आणि चौथ्यांदा ओढायला जिन्यातून परत येई. टाचण्या मोजून काढी, मोजून ठेवी. "मावशींना सुख बोचतं," असं इस्त्रीवाली सगळ्यांना सांगायची, आणि ते काही खोटं नव्हतं. पण रंगमंचावर जे घालून माणसं उड्या मारतात ते शिवणाऱ्या बाईने काळजी नाही करायची, तर कोणी करायची?

या मोसमात मास्तरांच्या, म्हणजे मंडळीच्या नृत्यशिक्षकांच्या, डोक्यात टुटू शिरला होता. टुटू, बॅलेतला तो जाळीचा घागरा, काही आभाळातून थाळीसारखा खाली पडलेला नाही, त्यालाही आई, आजी, पणजी आहे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून एकच खेळ, चार प्रवेश, चार नर्तकी. पहिलीला राजदरबारातला पायघोळ झगा, इतका जड की त्यात नाचण्यापेक्षा बसणं सोपं. दुसरीला तलम पांढऱ्या सुती जाळीचा, घंटेसारखा, पोटरीपर्यंत येणारा घेर. नर्तकी पायाच्या बोटांच्या टोकावर उभ्या राहायला लागल्या त्या काळचा. तिसरीला गुडघ्यापर्यंतचा, कारण एव्हाना पायांची करामत इतकी वाढली होती की ती झाकून ठेवणं परवडेना. आणि चौथीला आजचा, कमरेतून आडवा निघालेला, पोटात तारेचं कडं घातलेला, दहा-बारा थरांचा सपाट टुटू, जो खुंटीला उलटाच टांगावा लागतो, नाहीतर मान टाकतो.

"दोनशे वर्षं कापड वर वर सरकत गेलं," मावशी इस्त्रीवालीला म्हणाली, "आणि आपलं काम मात्र वाढतच गेलं."

दुसरा घेर पिसूचा होता. विसाव्या वर्षी तिला पहिल्यांदाच एकटीने नाचायला मिळत होतं, पुरी चार मिनिटं. मावशीने त्यासाठी तीन आठवडे चुण्या घातल्या, एकेक थर कच्च्या टाक्याने धरला, सोडला, पुन्हा धरला. तिला झोप लागत नव्हती, पण ती काही आनंदाने नाही. झोप उडाली होती ती दिव्यांमुळे.

मास्तरांना दुसऱ्या प्रवेशात खरे दिवे हवे होते. उघड्या वातीचे सात दिवे, रंगमंचाच्या पुढच्या कडेला ओळीने. "त्या काळी वीज होती का, मावशी?" त्यांनी विचारलं. नव्हती, हे मावशीलाही ठाऊक होतं. वीज नव्हती म्हणून काय काय झालं, तेही ठाऊक होतं. अग्निशमनच्या साहेबांनी बराच वेळ मान हलवली आणि शेवटी एक अट घातली: घेर टाकणखारात बुडवलेला हवा आणि त्याची चाचणी त्यांच्यासमोर व्हायला हवी.

टाकणखार आणि बोरिक पावडर गरम पाण्यात विरघळवायची, कापड त्यात बुडवायचं आणि न पिळता दिवसभर सुकत ठेवायचं. असं कापड पेट घेत नाही; काळं पडतं, आक्रसतं आणि विझतं. पण ते पिवळट दिसतं, ताठ होतं, बारीक मीठ चिकटल्यासारखं बोटांना खरखरतं. आणि एकदा का ते साध्या पाण्यात पडलं की सगळा खार निघून जातो, केलेल्या कामावर पाणी.

सोमवारी पिसूने तो खारवलेला घेर घालून पाहिला आणि तिचं तोंड एवढंसं झालं. "मावशी, मी नाचतेय की पुठ्ठ्याचं खोकं फिरतंय?"

"खोकं तर खोकं. जळणार नाही."

"तू त्या मुलीची गोष्ट सांगायचीस ना? पत्रवाल्या?"

मावशीने टाचण्या तोंडात धरल्या होत्या, त्यामुळे तिला उत्तर द्यावं लागलं नाही. ती गोष्ट तिला तिच्या गुरूने, एका म्हाताऱ्या शिंप्याने, सांगितली होती, आणि पिसू लहान असताना तिने ती शंभरदा तरी सांगितली असेल. जुन्या काळी नाटकं गॅसच्या दिव्यांवर चालत आणि नर्तकींचे घागरे पेट घेत. म्हणून वरून हुकूम निघाला, सगळ्यांनी खारवलेलेच घागरे घालायचे. तेव्हा एका तरुण नर्तकीने थेट वरिष्ठांना पत्र लिहिलं, की मी माझ्या नेहमीच्याच घागऱ्यात नाचणार, काय व्हायचं ते माझ्या जबाबदारीवर. छोटी पिसू अंथरुणात उठून बसायची आणि टाळ्या वाजवायची. मावशी गोष्ट तिथेच थांबवायची आणि दिवा मालवायची.

त्याच म्हाताऱ्या शिंप्याने तिला चाचणीची पट्टी शिकवली होती. त्याच ताग्यातली चार बोटं रुंद पट्टी घेराच्या आतल्या काठाला शिवून टाकायची. घेर बुडेल तेव्हा पट्टी बुडणार, घेर सुकेल तेव्हा पट्टी सुकणार. तपासणारा आला की त्याच्या डोळ्यांदेखत कापायची आणि पेटवून दाखवायची. "पट्टी घेराला सोडून एक क्षण राहता कामा नये," म्हातारा सांगायचा. "सुटली की ती घेराची कोणी लागत नाही."

पण सोमवारी संध्याकाळी मावशीच्या हाताखाली चौथा टुटू होता, तारेचं कडं वाकडं झालं होतं, साहेब बुधवारी येणार होते. त्या वेळी आपल्याच घाईत पट्टी सापडली नाही तर काय घ्या, अशी काळजी तिला लागली. म्हणून तिने ती आधीच कापली आणि बटणांच्या डब्यात जपून ठेवली. काळजीपोटीच ठेवली. बुधवारी साहेब आले, डब्यातली पट्टी चिमट्यात धरून त्यांनी काडी लावली. पट्टी काळी पडली, आक्रसली, विझली. साहेबांनी सही केली, मास्तरांनी त्यांना चहा पाजला, आणि उरलेला अर्धा तुकडा मावशीने पुन्हा डब्यात टाकला.

गुरुवारी दुपारी चारला खेळ होता. सकाळी दहाला शेवटची तालीम झाली, दिवे न लावता. मावशी विंगेत उभी होती. पिसू आली, एक गिरकी घेतली आणि घेर वर उचलला गेला. तो सावकाश उचलला गेला, हवेत जरा रेंगाळला आणि मग तिच्या पोटऱ्यांभोवती उतरला. मास्तर खुर्चीतून उठून उभे राहिले. "वा! मावशी, तुमच्या हातात जादू आहे!"

मावशीची नजर घेरावरून हलली नाही.

खारवलेलं कापड असं उडत नाही. ते वळतं, पण दारासारखं वळतं. आणि रंग? या उजेडात तो पिवळट होता की पांढरा? तिने डोळे चोळले. पांढरा वाटत होता. पण विंगेतून सगळंच पांढरं वाटतं.

तालीम संपल्यावर तिने आधी इस्त्रीवालीला गाठलं. "दुसरा घेर धुतलास?"

"मी? तुम्ही हात लावू नकोस म्हणालात तेव्हापासून मी त्या खुंटीकडे बघितलंसुद्धा नाही," ती फणकारली. "आणि धुतला असता तर वाईट काय झालं असतं? किती कळकट दिसत होता."

मग पिसूला गाठलं. पिसू आरशासमोर केसांत आकडे खोचत होती. "पिसू, घेराला पाणी लागलं होतं का गं?"

"नाही." आरशातले डोळे मावशीकडे आले आणि लगेच बाजूला झाले. "मावशी, आज नको ना. आकडे खोचायचे राहिलेत अजून."

मावशीने घेराचा आतला काठ उलटून पट्टी शोधली. तिथे फक्त कापलेले धागे होते. पट्टी तिनेच काढली होती. ती शिवणखोलीत गेली, डब्यातला अर्धा तुकडा काढून तिने काडी लावली. काळा पडला, आक्रसला, विझला. "झालं समाधान?" इस्त्रीवाली म्हणाली. "साहेबांची सही आहे, मास्तर खूश आहेत, आणि तुम्ही आपल्या बसल्यात काड्या ओढत."

झालं, असं मावशी म्हणाली. दोन तास तिने स्वतःला तेच सांगितलं. चौथ्या टुटूची तार सरळ केली, पहिल्या झग्याची एक चूण सोडली आणि तीच पुन्हा घातली. दुधाने तोंड पोळलेली बाई आपण, ताकही फुंकून पिणार, असं स्वतःला समजावलं. पण मनाच्या तळाशी म्हातारा शिंपी बसला होता आणि एकच वाक्य म्हणत होता. सुटली की ती घेराची कोणी लागत नाही.

पावणेचारला विंगेत तिने पिसूला घेरात शिवलं. हा तिथला रोजचा रिवाज होता: पाठीच्या हुका लावायच्या आणि वरून कमरेवर दोऱ्याचे पक्के टाके घालायचे, म्हणजे उडीत काही सुटत नाही. पिसूचं अंग गरम होतं, श्वास वर वर चालला होता. मावशीने शेवटची गाठ मारली आणि सवयीने वाकून दोरा दातांनी तोडला. जाळीची कड तिच्या ओठांना लागली.

खारवलेल्या कापडाची चव कडवट खारट असते. तीन दिवसांपूर्वी याच कापडाने तिची जीभ चरचरली होती. आता जिभेला काहीच लागलं नाही. नाही, काहीतरी लागलं, साबण. न्हाणीघरातल्या वडीचा गुळचट वास.

"पिसू..."

पण तेवढ्यात घंटा झाली, मास्तरांनी "पलीकडे चला, पलीकडे!" म्हणून पिसूला हाताला धरून नेलं. मावशीच्या हातात तेवढ्यात जे आलं ते आलं: आतल्या थराचा बोटभर तुकडा, कात्रीच्या एका चाव्याने कापलेला. तो मुठीत घेऊन ती शिवणखोलीकडे पळाली. वाटेत तिघांना धडकली, कोणाची माफी मागितली नाही. काड्यांची पेटी नेहमीच्या जागी नव्हती. इस्त्रीखाली नव्हती. दोऱ्यांच्या खोक्यात नव्हती. सकाळी तिनेच ती बटणांच्या डब्यात टाकली होती. पहिली काडी मोडली. दुसरी पेटली.

तुकडा भस्सकन पेटला आणि तिची दोन बोटं पोळली. "अगं आई गं" म्हणून तिने हात झटकला तेव्हा झटकायला काही शिल्लकही नव्हतं.

परत पळताना तिला पहिल्या प्रवेशाच्या टाळ्या ऐकू आल्या. विंगेत पोहोचली तेव्हा रंगमंच अंधारात होता आणि पुढच्या कडेला सात वाती जळत होत्या. पिसूचा प्रवेश पलीकडून होता. मागून जायची वाट देखाव्याच्या फळ्यांनी बुजलेली, खालून वळसा घालायला चार मिनिटं. मावशीने दिवेवाल्याची बाही धरली. "विझव ते. आत्ताच्या आत्ता."

"अहो मावशी, मास्तरांनी सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. ते समोर बसलेत, प्रेक्षकांत." तिच्या चेहऱ्याकडे बघून तो बिचारा हसला. "साहेबांनी पास केलंय ना?"

तिला त्याला समजावून सांगायचं होतं. टाकणखार, साबण, पट्टी, डबा. तेवढा वेळ नव्हता. पलीकडच्या अंधारात काहीतरी पांढरं हललं.

तीस वर्षांत मावशीने पडद्यापुढे कधी पाऊल टाकलं नव्हतं. आता टाकलं. अंगात टाचण्या खोचलेला अॅप्रन, गळ्यात मोजपट्टी, पायात घरच्या सपाता. समोर अंधारात चारशे माणसं श्वास घेत होती, ते तिला ऐकू आलं. पहिल्या दिव्यापाशी ती गुडघे टेकून बसली आणि फुंकर मारली. मग दुसऱ्यापाशी. कोणीतरी खुदकन हसलं. तिसरा. चौथ्याशी तिची एक सपात निघाली, ती तशीच पुढे सरकली. हशा वाढला. त्यात कुठेतरी वाद्यवाल्यांचा गोंधळ झाला आणि संगीत सुरू झालं. पिसू आत आली, दोन पावलं, तीन पावलं, एक गिरकी, आणि पाचव्या दिव्याच्या पलीकडे येऊन थबकली. घेर मात्र थांबला नाही. तो गिरकीच्या वेगाने पुढे झेपावला, ज्योतीच्या दिशेने, वीतभर अंतरावर.

मावशीने पाचवी वात मुठीत चिरडली.

सहावा आणि सातवा तिने कसा विझवला ते तिला पुढे कधी आठवलं नाही. अंधार झाला. मग घाबरलेल्या दिवेवाल्याने सगळे पांढरे दिवे एकदम लावले आणि त्या उघड्यावाघड्या उजेडात चारशे माणसांनी एका सपातेतली बाई रांगत विंगेत जाताना पाहिली. लोक टाळ्या वाजवून हसले. पिसू हसण्याच्या त्या लाटेत उभी होती, हात वर केलेले, चेहरा कागदासारखा. संगीत थांबलं, पुन्हा सुरू झालं आणि ती नाचली. चांगली नाचली असं नंतर लोक म्हणाले. मावशीने ते पाहिलं नाही. ती नळाखाली हात धरून उभी होती.

खेळ संपल्यावर मास्तर बोळातच भेटले. इतका वेळ दाबून ठेवलेला आवाज त्यांनी मोकळा सोडला. तीन महिन्यांची मेहनत, पोरीचा पहिला नाच, भर प्रेक्षकांत तमाशा. मावशीने सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "घेरात खार राहिला नव्हता. पट्टी मी दोन दिवस आधीच कापून ठेवली होती, म्हणून चाचणी खोटी झाली. चूक माझी."

"खार राहिला नव्हता म्हणजे? गेला कुठे?"

"गेला," मावशी म्हणाली. "उद्या साहेबांना मीच सांगेन."

मास्तरांनी तिच्या फडक्यात गुंडाळलेल्या हाताकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला, आणि ते निघून गेले. ते वळले तेव्हा त्यांच्या मागे भिंतीला टेकलेली पिसू दिसली. तिने सगळं ऐकलं होतं.

रागावलेल्या माणसाला दार आपटून घरी जाता येतं. शिवलेल्या माणसाला येत नाही. पिसू शिवणखोलीत आली आणि पाठ करून उभी राहिली, आणि मावशीने डाव्या हाताने टाके उसवायला घेतले.

"हसले सगळे," पिसू म्हणाली.

"हो."

"माझं पहिलंच होतं, मावशी."

"हो गं."

घेर खाली गळून पडला. मावशीने त्याच्या काठाचा तुकडा कापला, इस्त्री ठेवायच्या पत्र्यावर ठेवला आणि काडी लावली. पिसूने ते पाहिलं. तिने हुंकारसुद्धा दिला नाही इतक्या लवकर ते संपलं. पत्र्यावर काळा डागही नीट उरला नाही.

"मंगळवारी धुतला मी," पिसू म्हणाली. तिचा आवाज सहा वर्षांच्या मुलीचा झाला होता. "तीन पाण्यांतून काढला. मला वाटलं, तुलासुद्धा मनातून आवडेल. तूच तर सांगायचीस तिचं, किती कौतुकाने सांगायचीस." तिने नाक पुसलं. "पत्रानंतर काय झालं? पुढे काय झालं तिचं?"

मावशी स्टुलावर बसली. इतकी वर्षं ती हा प्रश्न चुकवत आली होती. आता चुकवायला जागा नव्हती.

"जळाली," ती म्हणाली. "तालमीत. घेर सावरायला तिने तो झटकला, आणि बाजूला गॅसचा दिवा होता. आठ महिने अंथरुणात काढले. मग गेली. तुझ्याएवढीच होती."

"आणि हे तू मला कधीच सांगितलं नाहीस."

"तू लहान होतीस. झोपताना सांगायची गोष्ट होती ती."

"आणि मोठी झाल्यावर?"

"मोठी झाल्यावर तू नाचायला लागलीस," मावशी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "मग मला ती सांगायचीच भीती वाटायला लागली. सांगितली तर तसंच होईल, असं वाटायचं. जगातल्या सगळ्या काळज्या बोलून दाखवल्या मी तुला, पिसू. हीच तेवढी गिळून बसले."

पिसू तिच्यापाशी बसली आणि तिने तिच्या पोळलेल्या हाताखाली आपला हात धरला. मग पिसू उठली, अंगात साधा सदरा चढवला आणि कोपऱ्यातली बादली नळाखाली लावली. पुढचा खेळ रविवारी होता. दिवे असोत नसोत, ती म्हणाली, घेर खारवलेलाच घालीन. गरम पाण्यात तिने टाकणखार ओतला, लाकडी डाव घेऊन ढवळत राहिली, आणि तोवर मावशीने ताग्यातून चार बोटांची नवी पट्टी फाडून घेराच्या आतल्या काठाला शिवली. एका हाताने जमेना म्हणून सुई पिसूने ओढली. गाठ मारून झाल्यावर मावशीने पट्टी तीनदा ओढून पाहिली.

चौथ्यांदा पिसूने ओढून पाहिली, आणि मगच घेर पाण्यात सोडला.